चारशे वीसवर जळालेलं कार्ड

१

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या वाडीतल्या खोलीतून किंकाळी ऐकू आली. मी केळींना पाणी सोडत होतो. पाइप तिथेच टाकून धावलो.

खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता. टेबलावर कॉम्प्युटरचा डबा उघडा पडलेला. त्याच्यापुढे अश्लेषा दोन्ही हात हवेत धरून उभी होती आणि ज्युली जमिनीवर बसून हुंदके देत होती.

"अंकल, कार्ड गेलं," अश्लेषा म्हणाली. "माझ्या हाताने गेलं."

ज्युली माझी भाची, धाकट्या बहिणीची, व्हेरोनिकाची मुलगी. अश्लेषा तिची इंजिनिअरिंग कॉलेजातली मैत्रीण, माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहणारी. दोघी दुसऱ्या वर्षाला होत्या. पापडीच्या आमच्या वाडीत विहिरीशेजारी पंपाची जुनी खोली होती, ती मी आठ महिन्यांपूर्वी त्यांना दिली होती. तिची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात दाराआड खिळ्याला असायची.

त्या खोलीत त्या काय करतात ते मला पहिले दोन महिने समजलंच नाही. मग ज्युलीने समजावलं. कॉम्प्युटरवर गेम खेळताना चित्र पडद्यावर आणायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. कारखान्यातून ते एका ठरलेल्या वेगावर बांधून येतं. पण नीट थंड ठेवलं, वीज थोडी वाढवून दिली, तर काही कार्डं त्याहून पुष्कळ जास्त पळतात. याला त्या 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणायच्या. त्यांचं कार्ड तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचं होतं आणि त्यांनी ते चारशे वीसवर नेलं होतं. शंभरात एखादंच कार्ड असं निघतं म्हणे. गेममधली जी माणसं इतरांच्या पडद्यावर अडखळत धावायची, ती यांच्याकडे पाण्यासारखी वाहायची.

रविवारी मुंबईच्या कॉम्प्युटर प्रदर्शनात याचीच, कार्ड ठरलेल्या वेगाच्या किती पुढे नेता येतं याची, स्पर्धा होती. पहिल्या येणाऱ्याला बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत वर्षभराचं काम मिळणार होतं. मध्ये फक्त शनिवार उरला होता.

"पेन्सिल जास्त झाली असेल गं," ज्युली डोळे पुसत म्हणाली. "तू तरी काय करणार!"

अश्लेषाने मान खाली घातली.

मी अठ्ठावीस वर्षं विमा कंपनीत सर्व्हेअर होतो. आग लागली की दुसऱ्या दिवशी राखेत उतरायचं आणि काय जळलं, कसं जळलं ते लिहून द्यायचं. जळलेली वस्तू दिसली की हात आपोआप पुढे जातो. मी घरातून भिंग आणलं आणि कार्ड उजेडात धरलं.

एका बाजूचा भाग काळा पडून फुटला होता. मी तो सोडून कार्डाची खालची कड बघितली. कॉम्प्युटरच्या खाचेत बसते ती, सोनेरी पट्ट्यांची.

"अश्लेषा," मी विचारलं, "हे कार्ड तुम्ही रोज काढता-घालता ना?"

"रोज. समुद्राच्या हवेने खराब होऊ नये म्हणून रात्री तांदळाच्या डब्यात ठेवतो. आठ महिने झाले."

सोनेरी पट्ट्यांवर फक्त दोन ओरखडे होते.

२

मी आधी ज्युलीला घरी पाठवलं आणि अश्लेषाला ओट्यावर बसवून लुसीला, माझ्या बायकोला, चहा टाकायला सांगितलं.

"टाकते," लुसी आतून म्हणाली, "पण मोठ्या पातेल्यात. छोटं कोणीतरी रिकामंच गॅसवर ठेवून करपवलंय. आणि सिलिंडर अजून आलेला नाही, तेवढं ध्यानात ठेवा."

खोलीतल्या भंगाराच्या खोक्यातून मी त्यांचं जुनं कार्ड शोधलं. ते त्यांनी या कार्डाआधी जेमतेम दोन महिने वापरलं होतं. त्याची कड ओरखड्यांनी भरून गेली होती. दोन्ही कार्डं मी अश्लेषापुढे ठेवली आणि भिंग तिच्या हातात दिलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचा आवाज एकदम बदलला.

"म्हणजे हे आपलं कार्डच नाही?"

"तसं दिसतंय."

"पण अंकल, हा तांब्याचा ठोकळा आमचाच आहे. ज्युलीने तीन आठवडे कानस मारून घासलाय तो. बाजारात मिळत नाही."

"ठोकळा काढून दुसऱ्या कार्डावर बसवता येतो?"

"येतो. दीडएक तास लागतो."

"आणि पेन्सिल म्हणजे काय?"

तिने ठोकळा अलगद सोडवला. त्याच्याखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भागावर पेन्सिलीची रेघ ओढलेली होती. शिशातून वीज थोडी जास्त सरकते आणि कार्डाला जोर येतो. रेघ मात्र केसासारखी बारीक हवी. ही चांगली जाड, दोनतीनदा गिरवलेली होती.

"मी अशी ओढली नव्हती," ती पुटपुटली. "की ओढली होती? ज्युली म्हणाली जास्त झाली असेल, तेव्हापासून मला माझीच खात्री वाटेना."

"ही जागा कोणाकोणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघींनाच." आणि लगेच तिने पर्समधून घडी घातलेली पावती काढली. "थांबा. कार्डाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी असते. तो पावतीवरही लिहिलेला आहे."

आम्ही एकेक आकडा मिळवून बघितला. बाराच्या बारा आकडे जुळले.

अश्लेषाने पावती मिटली. "बघितलंत? आमचंच आहे. मीच मारलं ते."

३

माझ्या नोकरीत एक आग मी विसरलेलो नाही. कामणच्या रस्त्याला एका गोदामात कापडाच्या गाठी जळाल्या होत्या. प्रत्येक जळक्या गाठीवर कंपनीचं बरोबर नंबराचं लेबल होतं. मालकाचा दावा जवळजवळ मंजूर झाला होता. पण लेबलाखालचं गोणपाट दोन जागी चिकटं लागलं. चांगल्या गाठींची लेबलं वाफेवर सोडवून चिंध्यांच्या गाठींवर लावली होती. चांगला माल आधीच हलवला आणि मग चिंध्यांना काडी लावली. आग लागल्यावर नुकसान किती झालं तेवढंच सगळे विचारतात. माल गेला कुठे हे कोणी विचारत नाही. ही गोष्ट मी नाताळच्या जेवणानंतर पुष्कळदा सांगितली आहे.

मी कार्डाच्या चिठ्ठीवर भिंग धरलं. एक कोपरा किंचित सुरकुतलेला होता. नखाने उचलला तर खाली दोन प्रकारचा डिंक, एक पिवळट आणि एक ताजा.

"अश्लेषा, तुझं कार्ड जळलेलं नाही," मी म्हणालो. "चोरीला गेलंय. कोणीतरी तसलंच साधं कार्ड आणलं, तुमचा ठोकळा आणि चिठ्ठी त्याला लावली, आणि जाड पेन्सिल ओढून ते तुझ्या हातून जाळलं. चालू राहिलं असतं तर पाच मिनिटांत तुला कळलं असतं की हे ते नाही. म्हणून ते मरायलाच हवं होतं."

ती रडली नाही. "हर्षवर्धन," एवढंच म्हणाली.

हर्षवर्धन विरारचा, एका बिल्डरचा मुलगा. तोही स्पर्धेत होता. बुधवारी गाडी घेऊन वाडीत आला होता, कार्ड विकत मागायला. नाही म्हटल्यावर हसत म्हणून गेला, "चारशे वीसवर चालवता? नावातच चारसो बीस आहे, जपा."

शनिवारी सकाळी मी वसई स्टेशनजवळ रामनाथच्या दुकानात गेलो. मुलींना कार्ड त्यानेच विकलं होतं.

"त्याच मॉडेलचं आणखी एक होतं," रामनाथ म्हणाला. "शेवटचा पीस. सोमवारी गेला. फोन आला होता, बिल हर्षवर्धनच्या नावाने करा म्हणून."

"फोनवर आवाज कोणाचा होता?"

"दुकानातल्या मुलाने घेतला हो. पण न्यायला आला तो माणूस मी ओळखतो. अर्नाळ्याचा सॅन्टन. मासळीची पाटी घेऊन फिरतो तो."

सॅन्टनला मीही ओळखत होतो. आठवड्यातून दोनदा तो पापडीत यायचा. आमच्या घरी, आणि तिथून व्हेरोनिकाच्या घरी.

४

मी सरळ अर्नाळ्याला जायला हवं होतं. पण गेलो नाही, आधी विरारला गेलो. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. समोरची वाट सोडून मी लांबची वाट धरली, कारण समोरच्या वाटेच्या टोकाला काय दिसेल त्याची मला भीती वाटत होती.

हर्षवर्धनच्या खोलीत एसी लावलेला होता. मी आल्याचं कारण सांगितलं तसा तो चिडला नाही, चकित झाला.

"माझ्या नावाने बिल? काका, हे बघा." त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आत भलंमोठं, दोन पंख्यांचं कार्ड होतं. "पप्पांनी सिंगापूरहून आणलं. बुधवारी तुमच्याकडे आलो तेव्हा हे हातात नव्हतं, म्हणून विचारलं. गुरुवारी आलं. मला ते जुनं मॉडेल आता फुकट दिलं तरी नको."

"बुधवारी तू खोलीत किती वेळ होतास?"

"पाच मिनिटं. अश्लेषा समोरच होती, कार्डाला हातसुद्धा लावू दिला नाही." तो थोडा घुटमळला. "एक विचारू? तुमची ज्युली एवढी चिडलेली का होती?"

"कोणावर?"

"माझ्यावर नाही. मी अश्लेषाला म्हटलं, स्पर्धेच्या यादीत तुझं नाव वाचलं, बेस्ट लक. तेव्हापासून ज्युली आमच्याकडे पाठ करून बसली होती."

५

विरारहून अर्नाळ्याला जाताना रिक्षात मी सगळं एकापुढे एक मांडून पाहिलं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत खरं कार्ड चारशे वीसवर चालत होतं. शुक्रवारी तीनला खोटं जळलं. अदलाबदल मधल्या वेळात झाली. गुरुवारी अश्लेषाची प्रॅक्टिकल परीक्षा होती, ती आलीच नव्हती. खोलीचं कुलूप फोडलेलं नव्हतं, म्हणजे किल्ली खिळ्यावरून घेतली गेली. आणि गुरुवारी संध्याकाळी मी आणि लुसी घरात नव्हतो. शेजारच्या म्हाताऱ्याला जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये मिस्सा, त्याच्यासाठी प्रार्थना होती, तिथून त्यांच्याकडे जेवायला थांबलो. चांगले तीन तास.

घर उघडं होतं, कारण ज्युली म्हणाली होती, "तुम्ही जा मामा, सिलिंडरवाला येणार आहे ना, मी थांबते."

सिलिंडर आला नव्हता. सकाळी मी एजन्सीला फोन करून विचारलं होतं, तर गुरुवारची आमची पाळीच नव्हती. छोटं पातेलं करपलं होतं, चहा करून नव्हे. त्यात पाणी आटेपर्यंत उकळलं होतं, वाफेसाठी. पेन्सिलीची जागा दोघींनाच माहीत होती. आणि वाफेवर चिठ्ठी सोडवायची युक्ती, माल हलवून चिंध्या जाळायची युक्ती, ती तिला कोणी शिकवली? माझ्याच जेवणाच्या टेबलावर, पहिल्या खुर्चीत बसून, हनुवटीला हात लावून ती ऐकायची. "मामा, लेबलाची गोष्ट सांगा ना."

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते. सॅन्टन परातीवर माशा वारत बसला होता.

"कार्डाचा खोका? आनला ना मी," तो सहज म्हणाला. "तुमच्या ज्युलीनंच पाठवलं. दुकानात नाव दुसरं सांग म्हनली, मला काय त्याचं. तिची सायकल दिली माझ्या पोरीला त्याच्या बदल्यात. कार्डाचे पैसे मीच भरले. का हो, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

आठवडाभर ज्युली चालत येत होती. पंक्चर झालीय म्हणाली होती. मी सायकलच्या दुकानात न्यायला पैसेही पुढे केले होते.

६

व्हेरोनिका शाळेत शिकवते, शनिवारी दुपारी तिचे वर्ग असतात. ज्युली घरी एकटीच होती. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे मी ते पुस्तकी मराठीत लिहितोय.

मी जळलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. "दुसरं आण."

तिने नाटक केलं नाही. आत गेली, कपाटातून अल्टरवरच्या, म्हणजे वेदीवरच्या, जुन्या फुलांचा खोका आणला. त्यात मऊ कापडात गुंडाळलेलं कार्ड होतं. त्याच्या सोनेरी कडेवर आठ महिन्यांचे ओरखडे होते.

"उद्या तू एकटी जाणार होतीस?"

"हो. तिथे ऐन वेळी नाव देता येतं."

"आणि ती घरी बसून स्वतःला दोष देत राहिली असती."

"दोन दिवस, मामा. मग विसरली असती. तिला सगळं मिळतं."

"काल तू तिच्यासमोर रडत होतीस, ज्युली."

"खरं रडत होते." तिने जळक्या कार्डाकडे बघितलं. "धूर निघाला ना, तेव्हा माहीत असूनसुद्धा वाटलं, आपलंच जळलं."

मी खुर्चीत बसलो. चोरी कोणाची, कशी, हे सांगून झालं की माझं काम संपायचं; पुढचं वकील बघायचे. इथे पुढचंही मलाच बघायचं होतं.

"का?"

तिने प्रार्थनेच्या पुस्तकातून एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे सरकवलं. स्पर्धेची पोचपावती, पत्ता माझ्या वाडीचा. पंधरा दिवसांपूर्वी आलेली. स्पर्धकाच्या रकान्यात एकच नाव होतं, कुमारी अश्लेषा. त्याखाली सहाय्यकाचा रकाना होता. तो कोरा होता.

"सहाय्यक म्हणूनसुद्धा नाही लिहिलं," ज्युली म्हणाली. "माझी नखं गेली ते तांबं घासताना. मी वाट बघितली, आज सांगेल, उद्या सांगेल. रोज म्हणायची, आपलं कार्ड, आपण जिंकू. पंधरा दिवस मी ते 'आपण' ऐकलं."

"मग तिला विचारायचं."

"तिने सांगायचं होतं."

"आणि मी? माझं घर, माझी किल्ली, मीच सांगितलेली गोष्ट. मी तुझं काय केलं होतं?"

तिने प्रार्थनेचं पुस्तक मिटून ठेवलं. मी कार्ड कापडात गुंडाळलं, पोस्टकार्ड खिशात घातलं आणि उठलो.

"मामा, तिला माझं नाव सांगणार?"

एक सोपी वाट होती. कार्ड मिळालं, कोणी नेलं ते कळलं नाही, असं सांगता आलं असतं. अश्लेषाने विश्वासही ठेवला असता.

"तू येऊन सांगतेस का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग मला सांगावं लागेल."

७

माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये मी अश्लेषाच्या हातात कार्ड दिलं. तिने ते उलटंसुलटं करून बघितलं, छातीशी धरलं आणि मग विचारलं, "कोण?"

मी सांगितलं. ती भिंतीला टेकली.

"ज्युली? काल मला मिठी मारून रडली ती. म्हणाली तुझी चूक नाही. मी रात्रभर तेच आठवत होते, निदान ही तरी आपल्यासोबत आहे."

मी पोस्टकार्ड पुढे केलं. ते वाचायला तिला वेळ लागला नाही. तिचा चेहरा उतरला.

"फॉर्मवर स्पर्धक एकच लिहायचा होता, अंकल."

"खालचा रकाना?"

"सहाय्यक लिहिलं असतं तर तिला राग आला असता. म्हणून म्हटलं, जिंकल्यावरच सांगू."

"तिला कशाचा राग येईल ते तू तिला विचारलं नाहीस."

"म्हणून तिने असं करायचं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी एक नाव लिहिलं नाही. तिने माझा माझ्यावरचा विश्वास काढून घेतला. हे सारखं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "सारखं नाही."

रविवारी मी प्रदर्शनाला गेलो. बोलावलं नव्हतं कोणी. मागच्या रांगेत उभा राहिलो. अश्लेषाने रात्री ठोकळा पुन्हा बसवला असावा. आकडा हळूहळू चढवत नेताना तिचा हात स्थिर होता. चारशे दहा, वीस, तीस. पडद्यावरची माणसं धावत राहिली, कार्ड जास्त ताणलं की उमटतात तसा एकही ठिपका उमटला नाही. चारशे छत्तीसला तिने हात मागे घेतला. हर्षवर्धनचं सिंगापूरचं कार्ड तिच्या खूप मागे राहिलं.

बक्षीस देताना सूत्रसंचालकाने विचारलं, "एवढं सगळं एकटीने केलंस?"

तिने माइक हातात घेतला आणि लोकांकडे बघितलं. मी तिला दिसलो असेन. मला खरंच वाटलं की आता ती दुसरं नाव घेईल.

"हो," ती म्हणाली. "एकटीने."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

जूनमध्ये अश्लेषा बंगळूरला गेली. जाताना लुसीला भेटून गेली, खोलीकडे फिरकली नाही. व्हेरोनिकाला मी सगळं सांगितलं तेव्हा ती मला म्हणाली, "घरची पोर होती, भाऊ, तू झाकायला हवं होतंस." वर्षभर आमचं बोलणं बंद होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी संध्याकाळी मी परत आलो तेव्हा ज्युली आमच्या ओट्यावर बसली होती. लुसीने तिच्यापुढे पेज ठेवली होती, ती तशीच गार झाली होती. मी चपला काढू लागलो.

"किती गेलं?" तिने विचारलं.

"चारशे छत्तीस. पहिली आली."

ज्युलीने डोळे मिटले. मनातल्या मनात काहीतरी जुळवत असल्यासारखे तिचे ओठ हलले.

"पंखा थोडा तिरका ठेवला असता तर चाळीस गेलं असतं," ती म्हणाली. "तिला ते माहीत नाही. ते मी बघायचे." आणि मग, "मामा, तिने माझं नाव घेतलं?"

मी तिच्या शेजारी बसलो. आयुष्यभर लोकांना नको असलेली खरी उत्तरं देत आलो होतो. त्या दिवशी मात्र ते एक 'नाही' माझ्या तोंडून निघेना. तिनेच माझ्याकडे बघितलं, समजली, आणि पेजेची वाटी ओढून खाली मान घालून खाऊ लागली.